आठवणीचाही पंचनामा हवा

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिक बुडाली, तेव्हा तिच्यावरून वाचलेली सातशेहून अधिक माणसे आसपासच्या होड्यांत किंवा पाण्यात होती. त्यांतल्या कित्येकींचे नवरे, बाप, मुलगे अजून जहाजावरच होते. म्हणजे सहज नजर गेली म्हणून पाहणारे हे बघे नव्हते. तरीही पुढे चौकशी झाली तेव्हा एका साध्या प्रश्नावर त्यांचे एकमत होईना : जहाज अखंड बुडाले, की मधून मोडून? सतरा वर्षांचा जॅक थेयर मोडले म्हणत होता. आणखीही काही प्रवासी आणि खलाशी तेच सांगत होते. सेकंड ऑफिसर चार्ल्स लाइटॉलर यांनी मात्र ते अखंडच गेले असे ठासून सांगितले. अमेरिकी सिनेटच्या समितीने आणि ब्रिटनमध्ये लॉर्ड मर्सी यांच्या चौकशीनेही अखंडच्याच बाजूने कौल दिला. १ सप्टेंबर १९८५ रोजी समुद्राच्या तळाशी अवशेष सापडले. जहाजाचा पुढचा भाग एकीकडे, मागचा भाग त्याच्यापासून सुमारे सहाशे मीटरवर.

लाइटॉलर खोटे बोलले असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. कंपनीची अब्रू सांभाळण्याचा दबाव आपल्यावर होता, हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लपवलेले नाही. पण अखंड म्हणणारे ते एकटे नव्हते, आणि बाकीच्यांतल्या काहींना कंपनीशी काही देणेघेणे नव्हते. आकाशात चंद्र नव्हता, शेवटी जहाजावरचे दिवेही गेले, आणि जे घडले ते काही मिनिटांत. प्रामाणिक माणसांनी एकच घटना दोन तऱ्हांनी सांगितली. चौकशी करणाऱ्यांनी त्यातून ज्यांचा हुद्दा मोठा आणि सूर ठाम, त्यांचे खरे धरले.

‘चक्षुर्वै सत्यम्’ हे आपल्या हाडीमांसी भिनलेले आहे. डोळा आणि कान यांत चार बोटांचे अंतर, असे आपण म्हणतो, म्हणजे ऐकीव गोष्टीपेक्षा पाहिलेली गोष्ट खरी. पण साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा तो पाहत नसतो, आठवत असतो. डोळा आणि आठवण यांच्यातले अंतर कोणी मोजायचे? ते न मोजल्यामुळे आपण एकाच वेळी दोन उलट चुका करतो : ठामपणे सांगणाऱ्याला खरा मानतो आणि अडखळणाऱ्याला खोटा. पहिल्या चुकीने निरपराध माणूस तुरुंगात जातो, दुसरीने गुन्हेगार सुटतो. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. डोक्यात कुठेतरी घटनेची फिल्म साठवलेली असते, आणि इमान असेल तर माणूस ती जशीच्या तशी दाखवू शकतो, ही ती समजूत.

कोणत्याही सत्र न्यायालयात जाऊन उलटतपासणी ऐकावी.

“किती वाजले होते?”

“साडेसात-आठ झाले असतील.”

“पोलिसांना तर पावणेसात सांगितलं होतं.”

“तसं लिहिलं असेल, साहेब.”

“आरोपी तुमच्यापासून किती फुटांवर होता?”

“असेल दहा-पंधरा.”

“चाकू उजव्या हातात होता की डाव्या?”

इथे साक्षीदार थबकतो, सरकारी वकिलांकडे पाहतो आणि सुचेल ते सांगतो. मग शेवटचा ठरलेला सवाल येतो, आणि ‘मी घटनास्थळी हजर नव्हतो, हे म्हणणे खरे नाही’ असे उत्तर टंकले जाते. उजवा की डावा हे त्याला सांगता आले नाही, एवढ्यावरून तो तिथे नव्हताच, असा युक्तिवाद नंतर तासभर चालतो.

या प्रकाराला सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच उत्तर दिलेले आहे. भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य हा तो खटला. प्रकरण गांधीनगरमधल्या अल्पवयीन मुलींवरील अत्याचाराचे होते. न्या. एम. पी. ठक्कर यांनी निकालात साक्षीदाराच्या आठवणीविषयी जे लिहिले, ते मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावे असे आहे. साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणशक्तीची अपेक्षा करता येत नाही. मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप पुन्हा लावली जाते असे काही नसते. घटना अचानक अंगावर येते, तिची चाहूल आधी लागलेली नसते, त्यामुळे सगळे तपशील टिपायला मन तयारच नसते. एकाला जे दिसते ते दुसऱ्याला दिसेलच असे नाही. वेळ आणि कालावधी लोक अंदाजाने सांगतात. आणि पिंजऱ्यातले वातावरण, वकिलांचे टोचणारे प्रश्न यांनी खरा माणूसही गोंधळतो. हा निकाल आजही खालच्या न्यायालयांत सर्रास उद्धृत होतो. माझी तक्रार एवढीच, की त्यातला अर्धाच भाग आपण घेतला. किरकोळ विसंगतीमुळे साक्ष फेकून देऊ नका, हे आपण शिकलो. फिल्म नसते तर मग विसंगती नसलेली, घोटीव, ठाम साक्षही तितकीच तपासून घ्यायला हवी, हे शिकायचे राहिले.

फिल्म का नसते, हे जरा जवळून पाहू. हात पूर्ण लांब करून अंगठा उभा धरला तर त्याचे नख जेवढी जागा व्यापते, साधारण तेवढ्याच भागात आपली नजर एका क्षणी तीक्ष्ण असते. बाकीचे दृश्य अंधुक असते आणि मेंदू ते अंदाजाने भरून काढतो. नजर सेकंदाला तीनेक वेळा जागा बदलते. म्हणजे पाच-सहा सेकंदांच्या हाणामारीत फार तर पंधरा-वीस ठिकाणी ती टेकणार, आणि त्यांतली बरीचशी ठिकाणे कुठली, हे हत्यार ठरवते. समोर सुरा निघाला की डोळे सुऱ्याला चिकटतात. चेहरा, शर्टाचा रंग, पळून जाणारा दुसरा माणूस हे सारे त्या किमतीत जाते. नजरेतून जे आत येते तेही सगळे थांबत नाही. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तात्कालिक स्मृतीची मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारवर आणली. चार गोष्टी हातात धरलेल्या असताना पाचवी आली, की कुठली तरी एक सुटते. सुटलेली गोष्ट विसरली असे म्हणणेही बरोबर नाही. ती आठवणीत कधी गेलीच नव्हती. आणि जी गेलीच नाही ती वकिलाने कितीही खोदून विचारली तरी निघणार कुठून? निघते ते उत्तर असते, आठवण नव्हे.

काळाचा अंदाज तर सर्वांत आधी बिघडतो. रॉबर्ट बकहाउट यांनी कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या आवारात १४१ जणांसमोर एका प्राध्यापकावर खोटा हल्ला घडवून आणला. तो ३४ सेकंद चालला. पाहणाऱ्यांनी सरासरी ८१ सेकंद सांगितले. सात आठवड्यांनी सहा छायाचित्रे दाखवली, तेव्हा दर पाचांतल्या दोघांनाच हल्लेखोर ओळखता आला. ज्याच्यावर हल्ला झाला त्या प्राध्यापकांनीही चुकीच्याच माणसावर बोट ठेवले. अपघातातून वाचलेले लोक ‘सगळं स्लो मोशनमध्ये दिसलं’ असे सांगतात, त्याचीही तपासणी झालेली आहे. डेव्हिड इगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना सुमारे ३० मीटर उंचीवरून खालच्या जाळीत मोकळे सोडून पाहिले. आपण पडायला किती वेळ लागला याचा अंदाज त्यांनी दुसऱ्यांना पडताना पाहून दिलेल्या अंदाजापेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त दिला, पण पडताना त्यांची नजर काही जास्त वेगाने काम करत नव्हती. भीतीच्या क्षणी आठवण दाट बसते, आणि दाट आठवण मागे वळून पाहताना लांब वाटते. म्हणून ‘तो माझ्यासमोर चांगला दोन मिनिटं उभा होता, मी चेहरा नीट पाहिला’ या वाक्यातली दोन मिनिटे कोणी घड्याळाची समजू नयेत. चेहरा नीट पाहिल्याची खात्री त्यांच्यावरच तर उभी असते.

इथपर्यंत निसर्गाचा दोष. पुढचा दोष माणसांचा आहे, आणि तो टाळता येतो.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग आता प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. गाड्या आदळून चेंदामेंदा झाल्या तेव्हा वेग किती होता, असे विचारलेल्यांनी सरासरी ताशी चाळीस मैलांच्या थोडा वर सांगितला. एकमेकींना लागल्या तेव्हा किती होता, असे विचारलेल्यांनी बत्तिसाच्या आत. मला याच अभ्यासाचा दुसरा भाग जास्त भयंकर वाटतो. आठवड्याने त्यांनी नव्या विद्यार्थ्यांना विचारले की फुटलेली काच दिसली होती का. फितीत काच फुटलेलीच नव्हती. साधा प्रश्न विचारलेल्या पन्नासांपैकी सात जणांना ती दिसली होती, चेंदामेंदाचा प्रश्न विचारलेल्या पन्नासांपैकी सोळा जणांना. प्रश्नाने उत्तरच बदलले असे नाही, रस्त्यावर काचा पडल्या.

याहून पुढची पायरी हॉलंडमध्ये दिसली. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी एल अल कंपनीचे मालवाहू विमान ॲम्स्टरडॅममधल्या बेल्मरमीर वस्तीतल्या इमारतींवर कोसळले. दहा महिन्यांनी संशोधकांनी डच लोकांना विचारले : विमान इमारतीवर आदळतानाचे चित्रीकरण तुम्ही टीव्हीवर पाहिले का? निम्म्याहून अधिक लोक हो म्हणाले. त्या क्षणाचे चित्रीकरण अस्तित्वातच नव्हते. बातम्या, रेखाचित्रे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गप्पा यांतून लोकांनी ते मनात तयार केले होते. हे एका टीव्हीच्या जमान्यातले. आज चौकात अपघात झाला तर पोलीस पोचायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्या तीन क्लिप आणि तेरा मते फिरलेली असतात. संध्याकाळी जबाब देणारा माणूस त्याने चौकात पाहिलेले सांगतो आहे की मोबाइलवर, हे त्याला स्वतःलाही कळत नाही. फियोना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जोडीजोडीने लोकांना एकाच घटनेच्या थोड्या वेगळ्या फिती दाखवल्या आणि मग आपसांत बोलू दिले. ७१ टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेली, फक्त जोडीदाराकडून कळलेली निदान एक गोष्ट आपली म्हणून सांगितली.

राहिला ठामपणा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९८४ साली एका विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. अत्याचार चालू असताना ती मुद्दाम त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवत होती, जगले तर याला ओळखायचे म्हणून. पोलिसांनी छायाचित्रे दाखवली तेव्हा ती बराच वेळ दोन चेहऱ्यांमध्ये घुटमळली आणि मग रोनाल्ड कॉटनच्या छायाचित्रावर बोट ठेवले. पोलिसांनी शाबासकी दिली. पुढे माणसांची ओळख परेड झाली. छायाचित्रांत आणि परेडीत दोन्हीकडे असलेला एकच चेहरा होता, कॉटनचा. न्यायालयात उभी राहीपर्यंत तिच्या मनात तिळभर शंका उरली नव्हती. पुढच्या खटल्यात खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणला गेला, तेव्हा तिने त्याला ओळखले नाही. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने कॉटन सुटला, दहा वर्षांहून अधिक शिक्षा भोगून. तिचा पहिला, घुटमळणारा क्षण कोणी नीट नोंदवून न्यायाधीशांपुढे ठेवला असता तर? गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये हे प्रयोगाने दाखवले : चुकीची ओळख करणाऱ्याला नुसते ‘छान, बरोबर ओळखलंत’ म्हटले, की त्याची खात्री वाढतेच, शिवाय आपण चेहरा स्पष्ट पाहिला होता, लक्ष देऊन पाहिला होता, असेही तो सांगू लागतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. आठवण इतकी कच्ची म्हणायची, तर पीडितेने बोलायचे तरी कशाच्या बळावर? लॉफ्टस यांनी अमेरिकेतला कुख्यात खुनी टेड बंडी याच्यावरील १९७६ च्या अपहरणाच्या खटल्यात बचाव पक्षातर्फे साक्ष दिली होती. त्या खटल्यातली तरुणी बंडीला ओळखण्यात अजिबात चुकलेली नव्हती, आणि सुदैवाने न्यायाधीशांनी तिचेच खरे मानले. शास्त्राचा आधार घेऊन खऱ्या साक्षीदाराला वेड्यात काढता येते, याचे याहून कडू उदाहरण नाही. शिवाय कॅनडात व्हँकुव्हरजवळ झालेल्या एका खऱ्या गोळीबाराच्या तेरा साक्षीदारांना युइल आणि कटशॉल या संशोधकांनी चार-पाच महिन्यांनी गाठले. त्यांचे बहुतेक तपशील बरोबर निघाले, आणि दिशाभूल करणाऱ्या प्रश्नांनाही ते बधले नाहीत. आठवण भरवशाची नसतेच, हा निष्कर्ष त्यामुळे मला मान्य नाही. तो आळशी निष्कर्ष आहे. आठवण ताजी आणि न हाताळलेली असेल तर पुष्कळ भरवशाची असते. जॉन विक्स्टेड आणि वेल्स यांनी अनेक अभ्यास एकत्र मांडून हेच म्हटले आहे, की परेड नीट घेतली असेल तर पहिल्या ओळखीच्या वेळची खात्री हा चांगला पुरावा असतो. नंतरची खात्री नव्हे.

आता आपली पद्धत पाहा. घटनास्थळी पोलीस दोरी बांधतात, पंच बोलावतात, रक्ताने माखलेली माती आणि साधी माती वेगवेगळी गोळा करून लाखेची मोहोर लावतात. साक्षीदाराच्या डोक्यातला पुरावा मात्र तसाच उघड्यावर पडलेला असतो. त्याचा जबाब अंमलदार स्वतःच्या भाषेत लिहितो. ‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की’ इथे सुरुवात आणि ‘माझा वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे टंकलिखित केला असून तो मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे’ इथे शेवट. साक्षीदाराला काय विचारले, तो कुठे अडखळला, कुठे ‘नाही आठवत’ म्हणाला, याचा मागमूस त्यात नसतो. चार साक्षीदारांचे जबाब कानामात्रेसकट सारखे निघतात. त्या चार आठवणी नसतात, एक मजकूर असतो.

कायद्याची रचना यात भर घालते. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायला कायद्याने मनाई आहे, आणि पुढे तो जबाब मुख्यतः त्याला खोटे पाडण्यापुरताच वापरता येतो. पोलीस हवे ते लिहून घेतील, ही त्यामागची भीती. ती निराधार नाही. ओळख परेडीचे असेच. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत तिचे नियम चांगले आहेत : एका आरोपीसोबत निदान अर्धा डझन माणसे उभी करायची, परेड तहसीलदारांनी किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी घ्यायची, पोलिसांनी बाहेर राहायचे. वर्तमानपत्रात आरोपीचा चेहरा काळ्या बुरख्याखाली दिसतो तो त्याची लाज राखायला नव्हे, साक्षीदाराने परेडीआधी तो पाहू नये म्हणून. इतके सारे करून त्या परेडीला कायद्यात स्थान काय? सर्वोच्च न्यायालयाने मलखानसिंग प्रकरणात २००३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले की परेड हा मूळ पुरावा नव्हे, फक्त पुष्टी. मूळ पुरावा म्हणजे न्यायालयात केलेली ओळख. म्हणजे घटनेनंतर काही आठवड्यांनी सात जणांतून निवडलेला चेहरा दुय्यम, आणि चार-पाच वर्षांनी, आरोपीच्या पिंजऱ्यात एकटाच उभा असलेला चेहरा दाखवून ‘हाच तो’ म्हणणे प्रमुख. आठवणीच्या दृष्टीने ही क्रमवारी सरळ उलटी आहे. पिंजऱ्यातल्या माणसाला ओळखायला आठवण लागतच नाही.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला आरोपी कोणता हे माहीतच नसावे. गुन्हेगार या रांगेत नसेलही, असे साक्षीदाराला आधी सांगावे. ओळखल्याक्षणी तो ज्या शब्दांत बोलला तेच शब्द लिहावेत : ‘हाच’ म्हणाला की ‘ह्याच्यासारखा वाटतो’. एका साक्षीदारापुढे एक चेहरा एकदाच ठेवावा. आणि पहिला जबाब प्रश्नांसकट आवाजात व चित्रात टिपावा. पोलीस हवे ते लिहून घेतील या भीतीवरही हेच औषध आहे. कायद्याने याची वाट २००९ च्या दुरुस्तीपासूनच मोकळी केली आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले. घरातल्या कपाटातून काय निघाले याचा व्हिडिओ आता व्हायलाच हवा. कलम १८० खालच्या साक्षीदाराच्या जबाबाला मात्र तीच सोय मुभा म्हणून ठेवली आहे. तपासी अंमलदाराला वाटले तर करील, नाही तर पूर्वीप्रमाणे लिहून मोकळा होईल. झडतीसाठी मोबाइल चालतो, तो जबाबासाठी न चालण्याचे कारण नाही. निदान खून, बलात्कार आणि दरोड्याच्या गुन्ह्यांत प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या पहिल्या जबाबालाही ही सक्ती लागू करावी. त्यासाठी संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. राज्याच्या गृहखात्याने एक परिपत्रक काढले तरी भागेल.